काका खोटं बोलत नव्हते

मी एमडी करत होतो तेव्हाची गोष्ट. वॉर्डात पन्नाशीचे एक काका होते. वर्षानुवर्षांची दारू, जेवण नावापुरतं. सकाळी राउंडच्या आधी मी विचारलं, "काका, काल काय केलंत?"

"काल? काल गावी होतो. भातलावणी चाललीय ना! चिखलात पाय घसरला, म्हणून तर कंबर धरलीय."

मी कंबरदुखी केसपेपरवर लिहूनही टाकली. सिस्टर हसल्या. काका नऊ दिवस खाटेवरून उठले नव्हते, आणि महिना मार्चचा होता!

याला कन्फॅब्युलेशन म्हणतात. रशियन डॉक्टर सर्गेई कोर्साकॉफ यांनी १८८७ मध्ये ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यातल्या बऱ्याच रुग्णांत ते दिसतं. बी-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेमुळे थॅलॅमस आणि आसपासच्या भागांना इजा होते. नव्या आठवणी साठत नाहीत. मग रिकाम्या 'काल'मध्ये जुनी भातलावणी येऊन बसते.

खरी भातलावणी, पण तारीख चुकलेली. आपल्याही आठवणींवर 'खरी' किंवा 'कल्पित' असा शिक्का नसतो. मार्सिया जॉन्सन आणि कॅरल रे या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलं की अनुभवलेल्या आठवणीत रंग, आवाज, जागा, वेळ जास्त असतात. कल्पिलेल्या आठवणीत विचार केल्याच्या खुणा जास्त. त्यावरून मेंदू अंदाज बांधतो, आणि ही तपासणी मुख्यतः कपाळामागचा भाग करतो. गॅस बंद केला की नुसतं मनात आणलं, हा घोळ आपलाही होतोच. स्किझोफ्रेनियात काही जणांना स्वतःच्याच मनातले शब्द बाहेरून आल्यासारखे वाटतात. मंत्रचळात उलटं होतं: कुलूप लावल्याचं आठवतं, पण पुन्हा पुन्हा तपासून त्या आठवणीवरचा विश्वासच उडतो.

आता माझी चूक. एकदा विद्यार्थ्यांसमोर मी काकांना म्हणालो, "आपण नाशिकच्या लग्नात भेटलो होतो ना?" असं लग्न झालंच नव्हतं. काकांनी पंगतीतली जिलेबीसुद्धा सांगितली. सगळे हसले. वळून पाहिलं तर दारात काकू.

नंतर त्यांनी मला बाजूला गाठलं. "डॉक्टर, वीस वर्षं हे खोटंच बोलत आलेत. पगाराचं, बाटलीचं. हेही तसलंच ना?"

"नाही काकू. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. काकांना ते माहीतच नाही."

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग आता मी भांडू कोणाशी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी फक्त एवढंच सांगितलं की उलटतपासणी घेऊ नका, हो ला होही करू नका, विषय हळूच बदला. बी-१ च्या इंजेक्शनांनी काकांची चाल सुधारली. स्मृती मात्र फारशी परतली नाही. त्यांना आमच्याकडे आणायला उशीर झाला होता.

घरात दारू पिणारं, नीट न जेवणारं माणूस अचानक गोंधळलं, झोकांड्या जाऊ लागल्या, डोळे थरथरू लागले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर 'आज जास्त झाली असेल' म्हणून झोपवू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. तेव्हा बी-१ शिरेतून द्यावं लागतं, गोळ्यांनी भागत नाही.