आधी चुरा भाजा!

कुर्रऽऽम! रविवारी दुपारी ओव्हनमधून काढलेल्या चिकनचा पहिला चावा घेतला आणि हा आवाज थेट कानात गेला. हुबेहूब तळलेल्या चिकनचा आवाज, आणि गॅसवर तळणाची कढई चढलेलीच नाही! तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

याआधी दोनदा केलं होतं. पीठ, अंडं, ब्रेडचा चुरा, सगळं रीतसर. दोन्ही वेळा वरून पांढुरकं आणि खालून ओलंगिच्च. कारण आता कळलं, आणि किती साधं आहे ते! तळताना गरम तेल चुऱ्याच्या कणाकणाला भिडतं, त्यामुळे तो पाच मिनिटांत लाल होतो. ओव्हनमधली हवा तेलाइतक्या झपाट्याने उष्णता देत नाही. चुऱ्याला रंग येईपर्यंत थांबावं तर आतलं चिकन कोरडं ठणठणीत. मग चुरा आधीच भाजून घ्यायचा! बस्स, एवढंच!

कालचे सहा पाव मिक्सरमधून जाडसर काढले. अगदी पीठ करायचं नाही, कण दिसले पाहिजेत. त्यात दोन चमचे जाड रवा घातला. हे आईच्या रवा लावलेल्या सुरमईवरून सुचलं. कढईत दोन मोठे चमचे तेल घातलं, मंद आच ठेवली आणि हलवत राहिले. पहिली चार मिनिटं काहीच घडत नाही. मग एकदम खरपूस वास सुटतो, कढईच्या कडेने सोनेरी रंग धरू लागतो आणि बघता बघता सगळा चुरा भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचा होतो. कढईतून तो लगेच ताटात काढायचा, नाहीतर कढईच्या उष्णतेने करपतो.

अर्धा किलो बोनलेस चिकन लाटण्याने ठोकून अर्ध्या इंचाचं केलं. दही, मीठ, आलं-लसूण आणि मालवणी मसाला लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी दही निपटून काढलं. ओल राहिली तर आवरण सुटतं, म्हणून तुकडे कोरडे टिपून घेतलेच पाहिजेत. मग मैदा, फेटलेलं अंडं, भाजलेला चुरा. एक हात कोरड्यासाठी, एक ओल्यासाठी, म्हणजे बोटांवर गोळे चढत नाहीत. चुरा तळहाताने नीट दाबायचा आणि वीस मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायचं.

आणि जाळी! जाळीशिवाय करूच नका. तुकडे थेट ट्रेवर ठेवले की चिकनची वाफ खाली कोंडते आणि तळ भिजतो. ट्रेवर जाळी आणि जाळीवर तुकडे ठेवले की गरम हवा खालूनही फिरते. उलटायचीसुद्धा गरज पडली नाही. ओव्हन २०० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवला होता, मग अठरा मिनिटं. जाड तुकड्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसला तर ७५ अंश. ७४ झाले की चिकन शिजलं.

काढल्यावर पाच मिनिटं जाळीवरच राहू दिलं. झाकण घालायचं नाही, डब्यात तर मुळीच भरायचं नाही. सुरी लावली तेव्हा आवरणाला बारीक तडे गेले, चुरा ताटावर उडाला आणि आत पांढरंशुभ्र, रसाने चकाकणारं चिकन! मला राहवेना. मी उभ्या उभ्याच दोन तुकडे संपवले.

आईने तिसरा उचलला, मोडला, वास घेतला. "तळलंस ना गं?"

"नाही गं आई, ओव्हन!"

तिने स्वयंपाकघरात जाऊन कढई पाहिली. कढईत तळणाचं तेल नव्हतं, तळाशी चुऱ्याचे चार कण तेवढे होते. मग ती ओट्याशी आली, जाळी उचलली, ट्रेमध्ये सांडलेला सगळा कुरकुरीत चुरा चमच्याने गोळा केला आणि आपल्या वरणभातावर पसरून घेतला.