केस

नरकचतुर्दशीच्या पहाटे डोक्याला तेल चोळून घेण्यात केवढे सुख असते! पण त्यासाठी आधी डोक्यावर केस असावे लागतात, हे मला २०२५च्या जानेवारीत उमगले.

शेगाव तालुक्यातल्या बोंडगावाहून मावशीचा फोन आला. हात फिरवला की केस मुठीत येत होते. कालवड, हिंगणा, तिकडेही तीच तऱ्हा. तीन-चार दिवसांत टक्कल. मावशीने एवढेच विचारले, "बापू, ह्या पान्यानं आंघोय करू का नोको?"

मी खामगावात बसून एक सरकारी आरोग्य-संकेतस्थळ उघडले. लसी होत्या, सर्पदंश होता, मंत्र्यांची हसरी छायाचित्रे तर होतीच. शोधाच्या चौकटीत मोठ्या आशेने 'केस' असे लिहिले. उत्तर तत्परतेने आले : डेंग्यूच्या केसेस, कोरोनाच्या केसेस! डोक्यावरचा एकही नाही.

रिकाम्या हाताने फोन कसा करायचा? "पाणी उकळून घे," असे मी ठोकून दिले.

पुढे पाण्यात नायट्रेट जास्त निघाले. ते उकळून जात नाही! फेब्रुवारीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तर रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. म्हणजे माझ्या भरवशावर मावशी पाणी उकळत होती आणि पोळी निर्धास्त खात होती.

त्या दिवाळीआधी तिचा पुन्हा फोन आला. "बापू, औंदा दिवाईले ये. तेल लावाले केस हायेत आता."

पाण्याविषयी तिने काही विचारले नाही. मीही विषय काढला नाही.