५५ हजारांचा हीटर

"ताई, बघ ना, शंभर दाखवतंय."

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मे महिना, बडोद्याचा उन्हाळा, डोक्यावरचा पंखा गरम हवाच फिरवत होता. धाकट्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान लाल अक्षरांत झळकत होतं, १०० अंश. गेममधली गाडी धावता धावता अडखळायला लागली आणि पाचेक मिनिटांत सगळंच बंद.

हा कॉम्प्युटर आम्ही दोघांनी चार दिवसांपूर्वी घरीच जोडला होता. धाकट्याची दोन वर्षांची बचत, माझ्या पगारातले थोडे आणि महिनाभर पटवून बाबांकडून मिळवलेले, असे एकूण ५५ हजार त्यात गेले होते. बाबांचं म्हणणं होतं की एवढ्या पैशांत दुकानातून तयारच घ्यावा. "उद्या काही झालं तर कुणाच्या दारात जाणार?" त्यावर मी ठामपणे म्हटलं होतं, "बाबा, मी यावर लेख लिहिलाय."

खरंच लिहिला होता. मी कंटेंट रायटर आहे. आज मधुमेहींचा नाश्ता, उद्या गृहकर्ज, परवा 'घरच्या घरी गेमिंग पीसी'. दहा ठिकाणी वाचायचं आणि अकरावं आपण लिहायचं. त्या लेखात कूलरबद्दल माझं एकच वाक्य होतं: कूलर प्रोसेसरवर ठेवा आणि चारही पिना दाबा. ते लिहिलं तेव्हा मी कूलर कधी हातातसुद्धा धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नाव ठेवलं, "५५ हजारांचा हीटर." धाकटा हसला नाही. जेवताना खाली मान घालून म्हणाला, "विकून टाकतो. जेवढे येतील तेवढे बाबांना देतो." १९ वर्षांचा मुलगा असं बोलला की घास उतरत नाही.

मग आम्ही शोध सुरू केला. आमचा प्रोसेसर होता इंटेलचा आय-५ १०४००एफ. त्याची मर्यादाच १०० अंश. तिथं पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणून गेम अडखळतो. तरीही आवरलं नाही तर मशीन बंद पडतं. म्हणजे ते बिचारं आपलं काम चोख करत होतं, चूक आमची होती. पण कुठे?

पहिला संशय अर्थातच बडोद्यावर. कूलरचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो, त्यामुळे खोली ३६ अंशांवर असेल तर प्रोसेसर त्याखाली जाणारच नाही, हे खरं. पण गेम चालू नसताना, नुसता डेस्कटॉप समोर असतानाही आकडा ७० च्या पुढे होता. त्याचा दोष उन्हाळ्याला देता येत नव्हता.

दुसरा संशय कॅबिनेटवर. बाजूचं झाकण काढलं आणि आईचा टेबल फॅन समोर लावला. जेमतेम चार अंश उतरले. इथे माझी ट्यूब पेटली. हवा कोंडत असती तर झाकण काढल्यावर बराच फरक पडला असता. म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचतच नव्हती.

आणि मला तो क्षण आठवला. जोडताना धाकटा पिना दाबत होता, मी टॉर्च धरून माझाच लेख मोठ्यानं वाचत होते. शेवटची पिन वायरींच्या मागे, अडचणीत. तो म्हणाला, "बोर्ड वाकतोय गं." मी म्हटलं, "बसली, बसली, पुढे चल." तीन वेळा 'टक' ऐकल्याचं मला आठवतं. चौथ्यांदाचं आठवत नाही.

हे मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला.

कूलर काढला तर पुरावा समोरच. कूलरच्या तळाला कंपनीतूनच थर्मल पेस्टचे तीन पट्टे असतात. एका बाजूचा पट्टा दाबून पसरला होता, दुसऱ्या बाजूचा जसाच्या तसा. आई मागून डोकावली आणि म्हणाली, "तवा वाकडा झाला की असंच होतं, पोळी एकीकडे करपते, एकीकडे कच्ची." माझ्या अख्ख्या लेखापेक्षा हे चांगलं होतं. दोन धातू डोळ्यांना सपाट दिसले तरी त्यांत बारीक फटी असतात. फटीत हवा, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. ती जागा पेस्ट भरते, पण कूलर चारही बाजूंनी घट्ट बसला असेल तरच.

एकदा काढलेल्या कूलरची पेस्ट पुन्हा चालत नाही. बाबा न सांगता स्कूटर काढून गेले आणि नवी ट्यूब व आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आले. जुनं सगळं पुसलं. मदरबोर्ड या वेळी कॅबिनेटबाहेर काढून टेबलावर ठेवला, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट टाकली. पिना आधी समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन, मग उरलेल्या दोन. या वेळी मी वाचत नव्हते, मोजत होते. मग बोर्ड उचलून मागून पाहिलं. प्रत्येक छिद्रातून पांढऱ्या प्लॅस्टिकची टोकं बाहेर येऊन फाकलेली दिसायला हवीत आणि मध्ये काळी पिन. चारही दिसली.

सुरू केल्यावर नुसत्या डेस्कटॉपला ४५. गेम लावला. ६०, ६८, ७४. तिथंच थांबला. अर्धा तास आम्ही चौघं गेम सोडून तो कोपऱ्यातला आकडाच बघत बसलो होतो.

लेखात घालण्यासाठी मी नंतर चार ओळींची दुरुस्ती पाठवली. शब्दमर्यादेत बसत नाही, असं उत्तर आलं. मी पुन्हा पाठवली आहे.

बाबा आता ऑफिसातून आले की चपला काढता काढता धाकट्याला विचारतात, "आज ताप किती?"

"७३, बाबा."

"बरं आहे," म्हणतात आणि चहा मागतात.