पाठमोरी पोर्ट्रेट

पोर्ट्रेट म्हणजे चेहरा, हे स्टुडिओत पहिल्या दिवसापासून मनावर बिंबवलं जातं. फोकस डोळ्यांवर, हनुवटी जरा खाली, नजर लेन्सकडे. नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८पासून जी केशरचनांची मालिका टिपली, तिच्यात मात्र बहुतेक बायका पाठमोऱ्या आहेत. दिसते ती मान, कानांच्या पाळ्या आणि त्यावर उभी राहिलेली केसांची कारागिरी. रस्त्यात, कचेरीत, लग्नसमारंभात जे डोकं नजरेत भरेल ते त्यांनी टिपलं. कृष्णधवल, मागे साधा पडदा, आणि अशी जवळजवळ हजार छायाचित्रं! पुण्यात इतकी वर्षं मी पोर्ट्रेट काढते आहे. माणसाचा मान कसा राखावा, हे मला या पाठमोऱ्या चित्रांनी शिकवलं.

दोऱ्याने बांधलेल्या केशरचनांपाशी मी नेहमी रेंगाळते. केसांचे भाग पाडायचे, प्रत्येक बटेभोवती काळा दोरा मुळापासून टोकापर्यंत घट्ट गुंडाळत न्यायचा, की बट ताठ उभी राहते. मग त्या बटा वाकवून, एकमेकींत अडकवून कमानी रचायच्या. ‘ओनिले गोगोरो’ हा असाच उंच जाणारा प्रकार. १९६०मध्ये देश स्वतंत्र झाला, लागोसमध्ये पूल आणि उंच इमारती उठू लागल्या, आणि केशरचनांना त्यांची नावं मिळू लागली. एको ब्रिजच्या नावाचीही एक केशरचना होती. ओजेइकेरे यांच्या लेखी ही शिल्पंच होती, काही दिवसांत सुटून जाणारी. म्हणून ते प्रकारांची नावंही टिपून ठेवत.

हे केस प्रकाशात पकडणं सोपं नाही. सरळ केसांवर चमकेचा एक पट्टा उमटतो आणि आकार आपोआप कळतो. घट्ट कुरळ्या केसांवर प्रकाश विखुरतो. शिवाय मीटर सगळ्या जगाला मध्यम करडं समजतो. मागे फिकट पडदा असला, की तो एक्स्पोजर कमी करायला सांगतो आणि केसांच्या जागी नुसता काळा डाग उरतो. मी पडद्याकडे लक्षच देत नाही. केसांवरच मीटर धरते, काळ्यातला तपशील राहील एवढंच एक्स्पोजर ठेवते आणि मोठा मऊ दिवा बाजूने, किंचित मागून लावते. मग भांगाची प्रत्येक रेघ नांगराच्या तासासारखी उठून दिसते.

यात साधनांचाही दोष होता. कोडॅकच्या रंगीत फिल्मचे रंग जुळवायला प्रयोगशाळांत जी कार्डं असत, त्यांवर अनेक दशकं गोरी बाईच असे. प्रमाण तिचं, तर बाकीच्यांचा तपशील कोण जपणार? अशा काळात, १९६२मध्ये, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये क्वामे ब्राथवेट आणि त्यांच्या सोबत्यांनी केस सरळ न करता वावरणाऱ्या कृष्णवर्णीय मॉडेल्सचा कार्यक्रम उभा केला आणि ब्राथवेट यांनी त्या मॉडेल्सची छायाचित्रं काढली. ते सौंदर्याचं काम होतं आणि हक्काचंही. कॅलिफोर्नियाने केसांच्या अशा ठेवणीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, ती थेट २०१९मध्ये.

पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी मुली कधीकधी फोटो काढायला येतात. एकीच्या डोक्यावर कपाळापासून मानेपर्यंत बारीक वेण्या होत्या, टाळूलगत घातलेल्या, कानामागे वळण घेऊन खाली उतरणाऱ्या. मैत्रिणीने अख्खी दुपार बसून घातल्या होत्या. ती मैत्रीण बरोबर आली होती आणि दिवा कुठे हवा हे माझ्याआधी तिला कळत होतं, कारण कुठला पेड कशावरून गेलाय हे तिच्या बोटांना पाठ होतं. मी तिचं ऐकलं. ते चित्र दोघींचं आहे.

पोर्ट्रेट काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. समोरच्या मुलीच्या केसांना न विचारता हात लावू नका. कपाळावरचे बारीक कुरळे केस सॉफ्टवेअरने पुसू नका. केशरचनेचं नाव तिला विचारा, ती कुणी घातली तेही विचारा, आणि फोटोखाली दोन्ही लिहा.