उजवा कोपरा कुठे जाणार?

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, की आमच्या घरात एकच विषय निघायचा: यंदा कोण कुठे जाणार? घर म्हणजे लालबागच्या चाळीतली एक खोली आणि तिच्यापुढची सामायिक गॅलरी. नव्या माणसाच्या कानावर बोलणं पडलं, तर त्याला वाटावं की सोयरिकीचं चाललंय. ‘मुलगा चांगला आहे, पण घाई फार करतो.’ ‘उंची आहे, अंगात काही नाही.’ ‘त्याचा मामा रेल्वेत आहे, तिकडेच ओढतील त्याला.’ चाललेलं असायचं कबड्डीचं.

आजोबा गिरणीत साचेखात्यात. थोरले काका बेस्टमध्ये. बाबा तेव्हा नोकरीच्या शोधात. आत्या महिलांच्या संघात डावा कोपरा खेळायची, आणि खरं सांगायचं तर घरात खेळ तिच्याइतका कुणालाच कळत नव्हता. आजी मैदानावर फारशी यायची नाही, पण कुठल्या खेळाडूच्या घरी काय शिजतं आणि काय शिजत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. आम्ही चुलत-आते भावंडं उंबऱ्यात बसून हे सगळं ऐकायचो. पुढे आमच्यातलं कुणी खेळाडू झालं नाही, पण मतं मात्र सगळ्यांना आहेत.

तेव्हाच्या बदल्यांचा मामला समजायला हवा. गल्लीगल्लीत मंडळ, मंडळाचा संघ, आणि संघातल्या प्रत्येक पोराची नजर कंपन्यांवर. महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, बंदर, बेस्ट, पोलीस, बँका: सगळ्यांचे संघ होते आणि खेळाडू कोट्यातून भरती होती. सहीचे पैसे वगैरे भानगड नव्हती. मोल एकच, नोकरी. तीही पर्मनंट असेल तर. आजोबा त्याचा हिशेब असा मांडायचे: रेल्वेत गेला तर घरादाराला पास, बँकेत गेला तर खुर्ची, पोलिसात गेला तर वर्दी, आणि कुठेच गेला नाही तर साचेखातं आहेच.

1982 च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हे शेवटचं वाक्य आजोबांच्या तोंडून गेलं. जवळपास अडीच लाख कामगार घरी बसले. त्यानंतर मंडळाच्या मैदानावर सरावाला येणाऱ्या पोरांची गर्दी वाढली, असं बाबा सांगतात. आधी संध्याकाळी दोन तास खेळून घरी जाणारी पोरं सकाळीही यायला लागली. आधी जो वाद ‘आपला संघ जिंकेल का’ असा होता, तो ‘ह्याला कोण घेईल’ असा झाला. गॅलरीतली मंडळी मग दुसऱ्याच्या मुलाच्या चढाईकडे स्वतःच्या घरातली नोकरी चालली असल्यासारखी बघू लागली.

त्या परीक्षणात दयामाया नसे. एखाद्या चढाईवाल्याने रात्री सामन्यात सात-आठ गडी मारले, तरी आजोबा म्हणणार, ‘दम आहे, हात आहे, पण परतताना नेहमी डाव्या अंगाला वळतो. रेल्वेचा कव्हर दुसऱ्या चढाईला ओळखेल त्याला.’ काकांना उंच खेळाडू आवडत, कारण लांब हाताने निदान रेषा न ओलांडता गडी टिपता येतो. आत्याला उंचीचं कौतुक नव्हतं. ती पाय बघायची. चढाईला आलेला गडी बोनससाठी पुढचा पाय टाकतो, तेव्हा मागच्या पायावर भार किती ठेवतो, हे ती बघायची. मागचा पाय हलका झाला, की कोपऱ्याने घोट्यावर झेप घ्यायची. एका क्षणाचा उशीर झाला तर तो पाय सुटतो आणि गुण दोन्हीकडून जातो. गॅलरीच्या फरशीवर ती हे करून दाखवायची, साडीचा पदर कमरेला खोचून, काकांचा पाय धरून. काका दर वेळी पडायचे. ‘तू ढकललंस’ म्हणून दर वेळी भांडायचे.

पकडीच्या खेळाडूंवर वाद जास्त रंगायचा, कारण चढाईवाल्याचे गुण फळ्यावर दिसतात. कोपऱ्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं. एक खेळाडू आठवतो, पलीकडच्या चाळीतला. नाव इथे नको, आमच्यासाठी तो कायम ‘उजवा कोपरा’च. घोटा असा धरायचा, की समोरचा जागच्या जागी बसायचा. त्याच्या मागे एका वर्षी रेल्वे, एक बँक आणि एक सरकारी खातं लागलंय, अशी बातमी आली. आमच्या घरात तर मुंबई महापालिकेच्या निवडणुकीसारखं वातावरण.

आजोबा रेल्वेच्या बाजूने. परळचं वर्कशॉप चालत दहा मिनिटांवर, पोरगा दुपारच्या डब्याला घरी येईल. काका बँकेच्या बाजूने, कारण बँकेकडे उजवा कोपरा नव्हता. रेल्वेत आधीच दोघं होते, तिथे हा राखीव म्हणून बसून राहील. आत्याचं मत वेगळंच. ‘तो एकट्याने पकड करत नाही. त्याला बाजूच्या कव्हरची साथ लागते. इथे मंडळात लहानपणापासूनचा मित्र कव्हरला आहे म्हणून तो एवढा दिसतो. त्याला एकट्याला उचलून नेलंत, तर निम्मा होईल.’ बाबा म्हणाले, मग दोघांना एकत्र घ्या. सगळे हसले. तेव्हा कंपन्या जोड्या घेत नसत.

आजी भांडी लावता लावता म्हणाली, ‘त्याच्या आईला कुणी विचारलं का?’

कुणी विचारलं नव्हतं. तो गेला त्या सरकारी खात्यात, कारण तिथे क्वार्टर मिळणार होतं. तिथे उजव्या कोपऱ्याला दुसराच खेळाडू होता, म्हणून ह्याला कव्हरला खेळवलं. पुढे त्याचं नाव वर्तमानपत्रात फारसं दिसलं नाही. तो वाया गेला की त्याचं भलं झालं, यावर आमच्या घरात पुढची कित्येक वर्षं दोन तट होते. आजीचा तट एकटीचा, पण सगळ्यांत घट्ट: ‘दोन खोल्या मिळाल्या. स्वतंत्र संडास. काय वाया गेलं?’

कंपनीत जाणाऱ्याला मंडळ हार घालून पाठवायचं. पण एका मंडळातून दुसऱ्या मंडळात जाणाऱ्याला क्षमा नव्हती. ना-हरकत पत्रावरून रुसवेफुगवे व्हायचे, नाक्यावर बघून न बघितल्यासारखं केलं जायचं. दादरच्या विजय क्लब किंवा अमर हिंदसारख्या नावाजलेल्या संघांकडे एखादं पोर गेलं, तर ‘मोठा झाला’ असं म्हणायचं, पण ते म्हणण्याचा सूर वेगळा असायचा. याबाबतीत काकांकडे एक दाखला तयार असे. तरुणपणी ते रोव्हर्स कपाचे सामने बघायला कूपरेजला जात. तिथे मोहन बागान, ईस्ट बंगाल खेळायला यायचे. कलकत्त्यात म्हणे सह्यांच्या दिवसांत दुसऱ्या क्लबाने पळवू नये म्हणून खेळाडूंना चक्क लपवून ठेवत. ‘आपल्याकडे लपवायला जागा तरी कुठे आहे,’ असं आजोबांचं त्यावर उत्तर होतं.

1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली आणि भारताने सुवर्ण जिंकलं, तेव्हा चाळीत पेढे वाटले. पण घरातल्या वादाचं चलन बदललं नाही. ते नोकरीच राहिलं. कबड्डी आणि ‘कोटी’ हे शब्द आम्ही पहिल्यांदा एका वाक्यात ऐकले ते 2012 मध्ये. पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला आणि सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघींना राज्य सरकारने प्रत्येकी 1 कोटी रुपये जाहीर केले. आत्या तेव्हा साठीला आलेली. तिने बातमी दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, ‘कोपऱ्याला कोण होतं?’

मग 2014 आलं. प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने 12 लाख 80 हजारांना घेतलं. आज हा आकडा कुणाला हसवेल, पण त्या दिवशी बाबांनी त्याला महिन्यांनी भागून बघितलं आणि ‘पर्मनंट आहे का?’ असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा रस थोडा कमी झाला. तरी 26 जुलैला वरळीच्या डोममध्ये यू मुंबाने जयपूरला 45-31 असं हरवलं, ते सगळं घर टीव्हीला चिकटून बघत होतं. आजोबा नव्हते. गॅलरीही नव्हती, चाळीच्या जागी टॉवर उभा राहत होता आणि आम्ही तीन ठिकाणी विखुरलो होतो. वाद फोनवरून सुरू झाले.

या नव्या खेळातल्या बऱ्याच गोष्टी आत्याला पटल्या. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्या नाहीतर बाद व्हा, हा नियम तर तिला फारच आवडला. नुसती मध्यरेषेवर फुगडी घालून येणाऱ्यांचा तिला पहिल्यापासून राग. लिलाव मात्र पटला नाही. आमच्यातली धाकटी पोरं 2018 मध्ये हळहळत होती, कारण रिशांक देवाडिगा, आपल्या मुंबईचा पोरगा, यूपी योद्धाने 1 कोटी 11 लाखांना ठेवून घेतला. त्याच मोसमात बाद फेरीत यूपीने यू मुंबालाच घरी पाठवलं, आणि यूपीचा कर्णधार होता रिशांक. काका तेव्हा म्हणाले, ‘मंडळ सोडलेला पोरगा आपल्याच मैदानावर येऊन लोण चढवतो, ते नवीन आहे का?’

सगळ्यांत मोठं भांडण झालं ते सिद्धार्थ देसाईवरून. चंदगड तालुक्यातला हा पोरगा, यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतलेला, एका मोसमात बाहुबली झाला. 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर 1 कोटी 45 लाख लावले. आमच्या पोरांना वाटलं, यू मुंबाने वेडेपणा केला, हवे तेवढे मोजायला हवे होते. आत्याने विचारलं, एका संघाकडे एकूण किती पैसे असतात? 4 कोटी 40 लाख, कुणीतरी सांगितलं. ‘म्हणजे तिसरा हिस्सा एका चढाईवाल्यावर. एवढ्यात दोन कोपरे आणि एक कव्हर आला असता. चढाईवाला बाद होऊन बाहेर बसला, की त्याचे पैसेही बाहेर बसतात.’ त्या मोसमात सिद्धार्थने ढिगाने गुण मिळवले आणि टायटन्स बाद फेरीत पोचलेही नाहीत. यू मुंबा उपांत्य फेरीपर्यंत गेला, डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली असताना. हे आत्याने कुणाला ऐकवलं नाही असं नाही. अजूनही ऐकवते.

आता घरातल्या सगळ्यांत धाकट्या पिढीला कबड्डी चालते, पण त्यांचा जीव फुटबॉलमध्ये. जानेवारीत आणि उन्हाळ्यात तिथल्या बदल्यांची खिडकी उघडते, रात्री-अपरात्री फोन वाजतात, मिडफिल्डर कोण हवा यावर भाचा आणि पुतण्या अबोला धरतात. गेल्या गणपतीत सगळे एकत्र होतो. भाच्याने बाबांना 2017 मधल्या नेमारचं उदाहरण दिलं: बार्सिलोनातून पॅरिसला जाताना 22 कोटी 20 लाख युरो. बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पोराला किती मिळाले? भाचा म्हणाला, ही रक्कम पोराची नाही, क्लबाची. त्याचा पगार वेगळा.

बाबा मोदकाचं ताट खाली ठेवून सरळ बसले. ‘म्हणजे मंडळाला पैसे मिळतात?’

मिळतात. एवढंच नाही, परदेशी बदलीच्या रकमेतले 5 टक्के 12 ते 23 या वयात ज्या-ज्या क्लबांनी त्या खेळाडूला शिकवलं त्यांच्यात वाटतात. नेमारला घडवणाऱ्या ब्राझीलमधल्या सांतोस क्लबाचाही त्यात वाटा होता. हे ऐकल्यावर आरती लांबली. आमच्या मंडळाने इतक्या वर्षांत कंपन्यांना किती खेळाडू दिले आणि बदल्यात एक पेढ्याचा बॉक्स सोडून काय मिळालं, याची मोजदाद सुरू झाली. काकांनी कॅलेंडर उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला यादी काढली. कोण कधी मैदानावर आला, कितव्या वर्षी गेला, शेवटचा पगार अंदाजे किती, त्याचे 5 टक्के. उजव्या कोपऱ्याच्या नावाशी गाडी अडली. तो बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा आमच्या मंडळात आला की शेजारच्या, यावर बाबा आणि काकांचं जुंपलं. आत्या म्हणाली, ‘आधी महिलांच्या संघाचं नाव लिही. त्याला घोटा धरायला मी शिकवलंय.’