आजीचा धैवत

मागच्या जूनमध्ये एका प्रदर्शनातून मी दीडशे रुपयांचं विंडचाइम आणलं आणि परसातल्या पेरूच्या फांदीला टांगलं. आमच्या बेळगावात पावसाळ्यात वाऱ्याला तोटा नाही. दिवसभर किणकिणाट. तिसऱ्या दिवशी आजी म्हणाली, "काढ गं ते. पाच जावा भांडायलीत असं वाटतंय."

आजीनं तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली. बेसूर काही तिला खपत नाही. दोन वर्षांपासून मात्र तिनं मंडळात जाणं सोडलं होतं. गुडघे दुखतात म्हणायची.

मग मी ठरवलं, आपणच सुरातलं बनवायचं. पाच नळ्या, म्हणजे भूप: सा रे ग प ध. यात मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे वाऱ्यानं कुठल्याही दोन नळ्या एकदम वाजवल्या तरी कानाला टोचत नाही. बाबा उद्यमबागेत लेथवर काम करतात. त्यांनी इंचभर व्यासाची ॲल्युमिनियमची नळी आणून दिली.

मला वाटलेलं, बासरीसारखंच असेल; नळी निम्मी केली की वरचा सा. तसं नाही! बासरीत आतली हवा वाजते, इथं नळीचा धातूच कंप पावतो. निम्मी केली तर सूर दोन सप्तकं वर जातो. सा ३० सें.मी.चा धरला, तर ध २३.२ सें.मी.चा. टांगायचं भोकही अगदी टोकाला पाडायचं नाही, लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर पाडायचं. तिथं नळी जवळजवळ हलत नाही, म्हणून दोऱ्यानं नाद मरत नाही. पहिला पंचम मी जास्त कापला, वाया गेला. मग शहाणी झाले. थोडी लांबच कापायची आणि मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा मध्यावर येईपर्यंत कानशीनं घासायची. दोन रविवार गेले.

आजी मागच्या पायरीवर बसून ऐकत राहिली. "छान केलीस गं. पण ध कुठाय?"

नळी उतरवली, ट्यूनर लावला. ध बरोबर. परत टांगली. "नाही गं, वाजंना." शेवटी मी तिच्या पाठीमागं उभी राहून त्या नळीवर पेन्सिल मारली. मला लख्ख ऐकू आलं. आजीनं मान वळवली नाही.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयानं आधी उंच आवाज जातात. आमचा ध सेकंदाला जवळजवळ २८०० कंपनांचा होता. परत येताना रिक्षात आजी म्हणाली, "बायका काय म्हणतात तेच कळंना झालतं. एकदा आरती चालू झाली तरी मी अभंगच वाजवत बसले. सगळ्या हसल्या." गुडघ्यांचा विषय नंतर कुणी काढला नाही.

मी सगळ्या नळ्या नव्यानं कापल्या, एक सप्तक खाली. त्यासाठी लांबी दुप्पट नाही, १.४१ पट लागते. सा ४२.४ सें.मी., ध जवळजवळ ३३. ऑगस्टमध्ये टांगलं. वारा आला तशी आजीनं बोटं मांडीवर पेटीसारखी धरली.

"हां, हा ध," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "गंधार तेवढा चढलाय बघ."

मी ट्यूनर लावला. खरंच, कानस जरा जास्तच लागली होती.