काठी नव्हती का?

बफेलोला पोचल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी एक हिशोब केला होता. आम्ही तिघं मित्र भाड्याने राहत होतो त्या घराचा ड्राइव्ह-वे साधारण १२ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. त्यावर रात्रीत फूटभर बर्फ पडला, तर १४ घनमीटरच्या वर होतो. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी झाले १४ क्विंटल. आमच्या शेतात वर्ष बरं गेलं तर एकरी सात क्विंटल सोयाबीन होतं. म्हणजे दोन एकरांचं पीक रात्रीत दारात येऊन पडायचं, आणि ते सकाळी ऑफिसच्या आधी उचलायचं. त्याला भावही नाही.

मी सेलू तालुक्यातला. आमच्याकडे पाऊस वेळेवर पडला तरी बातमी होते. बफेलो शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. सरोवर गोठलेलं नसताना त्यावरून थंड वारा वाहतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर येऊन बर्फ ओततो. २०२२ च्या ख्रिसमसच्या वादळात तिथे ४० हून जास्त माणसं दगावली. त्यातले काही जण बर्फ उपसताना हृदय बंद पडून गेले. मी २०२३ च्या शेवटी पोचलो, तेव्हाही लोक त्या वादळाबद्दल बोलत होते. भाडेकरारात लिहिलेलं होतं: बर्फ काढणं ही भाडेकरूंची जबाबदारी. आणि गॅरेजमध्ये एक जुना स्नो ब्लोअर ठेवलेला होता.

तो सुरू करून पाहिला आणि मला हसूच आलं. पुढे फिरणारा दातेरी स्क्रू, तो बर्फ मधे ओढतो. मागे जोरात फिरणारा पंखा, तो बर्फ वरच्या वाकड्या नळीतून लांब फेकतो. हे तर आमचं मळणी यंत्र! फक्त दाणा नाही, सगळं भुसकटच.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे नुसतं दिसण्यातलं साम्य नव्हतं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये आर्थर सिकार नावाचा शेतकरी कुटुंबातला मुलगा होता. बर्फाने रस्ते बंद झाले की गावाचं दूध शहरात जायचं नाही. शेतात चालणारं मळणी यंत्र बघून त्याच्या डोक्यात आलं की याच पद्धतीने बर्फही फेकता येईल. १९२५ साली त्याने ट्रकवर बसवलेलं यंत्र तयार केलं आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमाँ गावाला पहिलं विकलं. माझ्या गॅरेजमधली गोष्ट खळ्यातूनच आलेली होती. खळ्यातलं तिच्यासोबत आणखी काय आलंय, ते मला जानेवारीत कळलं.

त्या आठवड्यात इतका बर्फ पडला की फुटबॉलचा सामना पुढे ढकलावा लागला. स्टेडियम मोकळं करायला ताशी २० डॉलर देऊन माणसं बोलावली होती. आमच्याकडे सकाळी साडेआठची मीटिंग, पलीकडे पुण्यातली टीम संध्याकाळी वाट बघत बसलेली. ड्राइव्ह-वे साफ झाला होता. पण नगरपालिकेची गाडी रस्ता साफ करत गेली आणि सगळा राडा आमच्या तोंडाशी लोटून गेली. हा बर्फ भुसभुशीत नसतो. मीठ मिसळलेला, ओला, चिखलासारखा जड. मशीनने दोन घास घेतले आणि नळी चोंदली.

या यंत्राच्या हँडलला एक लिव्हर असतो. तो दाबून धरला तरच स्क्रू फिरतो, सोडला की थांबतो. माणूस नळीपाशी पोचेपर्यंत यंत्र बंद पडावं, हाच त्याचा उद्देश. पण आमच्या मशीनचा लिव्हर आधीच्या कुणीतरी दोरीने बांधून ठेवला होता. उणे दहा तापमानात तासभर लिव्हर दाबून धरला की बोटं दुखतात, म्हणून. मी ती दोरी पहिल्याच दिवशी पाहिली होती. सोडली नव्हती. मला सोयीचीच होती.

मी पुढे गेलो, वाकलो आणि नळीत हात घातला. चोंदलेला गोळा सुटला, आत पंखा फिरला आणि हातमोजा ओढला गेला. बोट वाचलं. हातमोज्याचं टोक नव्हतं. मी बर्फात बसलो आणि कितीतरी वेळ बोटं मोजत राहिलो.

आमच्या काकांच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत. २००४ ची ज्वारीची मळणी. मी सात वर्षांचा होतो आणि भुसकटाच्या ढिगावर खेळत होतो. मशीनचं तोंड चोंदलं, मागच्या शेतकऱ्याचा निरोप आला होता की लवकर सोडा, आणि काकांनी कणसं आत ढकलायला हात घातला. नंतर बैलगाडीपासून जीपपर्यंतची पळापळ आठवते. आणि आठवतं ते लोकांचं एकच वाक्य: लक्ष नव्हतं त्याचं. वीस वर्षं काका स्वतःही तेच सांगतात. "चूक माझीच."

माझ्या कामात याला नाव आहे. तक्रार आली, तपासली, आपल्या कोडमध्ये दोष सापडला नाही, तर 'युजर एरर' लिहून तिकीट बंद करायचं. मी अशी शेकडो तिकिटं बंद केली असतील. एकाच घरात वीस वर्षांच्या अंतराने दोन माणसं, दोन देशांत, एकाच जातीच्या यंत्रात, एकाच कारणाने हात घालतात. हेही युजर एररच?

त्या रात्री काकांना फोन लावला. आईला सांगणं शक्य नव्हतं.

"चोंदलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घाई होती?"

"हो, काका."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग काठी नव्हती का रे?"

काठी होती. अशा मशीनसोबत नळी साफ करायला प्लास्टिकचं एक दांडकं मिळतं, मशीनच्याच अंगावर खोचलेलं. आमचं गॅरेजच्या कोपऱ्यात रंगाच्या डब्यामागे पडलं होतं. ते कशाचं आहे, हे मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक स्नो ब्लोअर तयार होतोय. वहीत त्याची चित्रंही आहेत. आधी मी दुकानातल्यासारखीच यादी केली होती: रुंदी किती, किती फूट लांब फेकणार, बॅटरी किती वेळ चालणार. ती खोडली. माझं यंत्र चोंदल्यावर कसं वागेल, इथून सुरुवात केली. कारण नीट चालताना कुणाचाच हात आत जात नाही.

नळी आतून गुळगुळीत हवी आणि तिची पुढची बाजू कडीने उघडणारी हवी. कडी उघडली की मोटर बंद, मिक्सरचं झाकण नीट बसलं नाही तर काही मिक्सर सुरूच होत नाहीत, तसं. बॅटरीवरच्या मोटरचा एक फायदा आहे: ती अडकली की वीज जास्त ओढते, आणि ते सॉफ्टवेअरला लगेच कळतं. मग तिने थांबावं, थोडं उलटं फिरावं आणि पुन्हा प्रयत्न करावा. लिव्हर इतका हलका हवा, की कुणाला बांधावासाच वाटू नये.

बोट ओळखून थांबणारं यंत्रही सुचलं. लाकूड कापायच्या करवतीत ते आहे. १९९९ मध्ये स्टीव्ह गॅस नावाच्या अमेरिकन माणसाने त्याची कल्पना काढली: कातडीला स्पर्श होताच विजेचा फरक ओळखून पातं काही मिलिसेकंदांत थांबतं. पण ओल्या लाकडालाही ते कधी कधी फसतं. इथे तर सगळंच ओलं, शिवाय हातात मोजे. ते पान फाडलं.

मळणी यंत्राबद्दल मात्र शोध आधीच लागलेला आहे, हे वाचून मला राग आला. आपल्या संसदेने १९८३ मध्येच धोकादायक यंत्रांचा कायदा केला. मळणी यंत्रात हात जात होते, म्हणूनच केला. उपायही साधा होता. तोंडाची पन्हळ लांब करायची आणि वरून झाकायची, म्हणजे माणसाचा हात आतल्या दात्यांपर्यंत पोचतच नाही. यात ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर. नुसता पत्रा. २००४ च्या त्या मशीनला तो नव्हता.

मी गेल्या वर्षी परत आलो. आता अर्धे दिवस घरून काम करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडाभर अतिवृष्टी झाली. आमचं जे सोयाबीन वाचलं, ते दमट होतं आणि दमट काड मशीनला हमखास अडकतं. भाड्याचं मशीन आलं. तोंडावर पत्रा नव्हता. चालकाला विचारलं तर म्हणाला, "होता की. काढून टाकला. पत्र्यानं घास बारीक जातो. मला कट्ट्यावर पैसे मिळतात, साहेब, तासावर नाही."

बफेलोतल्या दोरीसारखंच होतं हे. त्याच्याही मागे वेडेपणा नव्हता, हिशोब होता.

मग आम्हीही हिशोबच केला. कट्ट्यामागे थोडे जास्त देतो म्हणालो. अट एकच: चोंदलं की ट्रॅक्टर बंद, मगच काठी. तो माझ्याकडे बघून हसला. मग काकांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि उजवा हात नुसता त्याच्यासमोर धरला. तो काही बोलला नाही. ट्रॅक्टरवरच्या पोराला एवढंच म्हणाला, "हात वर केला की बंद करायचं."

दिवसभरात मशीन तीनदा चोंदलं. तीनदा बंद केलं. काका बांधावर घड्याळ घेऊन बसले होते. संध्याकाळी कट्टे मोजून झाल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो.

"किती वेळ गेला, काका?"

"बारा मिनिटं." घड्याळ खिशात ठेवत ते म्हणाले, आणि मग जरा वेळाने, दुसरीकडे बघत, "त्या दिवशी चारच लागली असती."